मेढीच्या खड्ड्यातली कढई

आधीच सांगून ठेवते, चाळीच्या पटांगणात खड्डा खणायची मला हौस नव्हती. जन्मभर मी सारवलं, पुसलं, धुतलं, घासलं. खणलं कधी नाही. पण परवा भायखळ्याच्या भाजीबाजारात एक अनोळखी बाई दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, "ती बघ, खड्डेवाली आजी." तेव्हा ठरवलं, हकिगत आपणच लिहून टाकावी. दुसऱ्याच्या तोंडून गेली की प्रत्येक जण आपापल्या घरचं तिखटमीठ लावतो, आणि आमच्या चाळीत तिखटमिठाचा तुटवडा कधीच नव्हता.

मूळ कारण मनवा. माझ्या अजितची मुलगी. अजित आणि सूनबाई ठाण्याला, पण मनवाची शाळा दादरची, म्हणून ती परळला माझ्याकडे वाढली. आता ती इंग्लंडात एका गावात मास्तरीण आहे. त्या गावाच्या नावातली निम्मी अक्षरं लिहायची असतात आणि बोलायची नसतात, म्हणून मी त्याला सरळ मनवाचं गाव म्हणते. तिथल्या शाळेतल्या पोरांना ती काय शिकवते? तर त्यांच्याच गावाच्या खाली काय पुरलंय ते. मी चौथी शिकलेली बाई. मला वाटायचं, जे पुरलं ते पुरलं, त्यात शिकवायचं काय? पण दर रविवारी फोनवर ती मला सगळं समजावून सांगायची आणि मी पोळ्या लाटत ऐकायची.

तर आधी तिथे रोमन आले. त्यांनी दगडी घरं बांधली, नाकासमोर जाणारे सरळ रस्ते केले, गरम पाण्याचे हमामखाने केले. मग एक दिवस उठून गेले. गाव ओस पडलं. वर काळी माती साठली. मग सॅक्सन नावाचे लोक आले. त्यांनी त्या पडक्या भिंतींच्या आतच लाकडाची घरं बांधली. दगड राहिला, लाकूड कुजलं.

"म्हणजे आमच्या परळसारखंच," मी म्हटलं. "गिरणीवाले गेले, चिमणी राहिली. मग काचेचे टॉवरवाले आले."

"अगदी तसं नाही गं, आजी."

"अगदी तसंच आहे. फक्त आमचे रोमन जाताना आंघोळीची सोय करून गेले नाहीत."

तिकडे मनवा हसली. फोनमध्ये हसली की तिच्या गालावरची खळी उशिरा दिसते. आधी आवाज येतो, मग खळी. चांगला फोन घेतला तरी तेच. विनीत मोबाइलवाला म्हणतो, नेटवर्कचा प्रश्न आहे. असेल.

मागच्या डिसेंबरात तिने विषय काढला. म्हणाली, "आजी, माझा एक तास बघायला हेडबाई वर्गात बसणारेत. तो चांगला झाला तर नोकरी पक्की."

"आणि नाही झाला तर?"

"मग व्हिसा संपला की परत."

'परत' हा शब्द ती असा म्हणाली, जशी पोरं 'नापास' म्हणतात. मी ऐकला मात्र दिवाळी म्हटल्यासारखा. हातातलं लाटणं थांबलं. आता वाचणाऱ्याने माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणावं. तीन गणपती ती आली नव्हती. दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की". मी देवाला तिचं चांगलं मागत होते आणि मागतामागता त्याला डोळाही घालत होते.

पण पुढे ती म्हणाली, "तास सॅक्सन घरांवर आहे आणि त्यासाठी मला तुझी मदत हवी." झाली पंचाईत. ज्या तासाने पोरगी हातची जायची, तोच तास मी उभा करायचा!

तिची अडचण अशी होती. सॅक्सन लोकांची घरं लाकडाची, ती कुजून गेली. राहिलं काय, तर जिथे खांब रोवले होते तिथे जमिनीत काळे गोल डाग. त्या डागांवरून ही माणसं सांगतात की इथे घर होतं, इतकं लांब, इतकं रुंद, दार या बाजूला. पण वर्गातल्या पोरांना ते पटत नव्हतं. दगडी भिंत दिसते. डाग म्हणजे घर हे कसं मानायचं?

"म्हणून मला आपली मेढ आठवली," मनवा म्हणाली.

आमच्या चाळीचा गणपती जुना. मांडवाचा पहिला खांब, मुहूर्तमेढ, दर वर्षी त्याच जागी उभी राहते. नळाच्या ओट्यापासून आमच्या मंडळाच्या अप्पांच्या आजोबांनी पावलं टाकून ठरवलेली ती जागा. आधी खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी, नाणं, मग खांब. विसर्जन झालं की खांब काढायचा, खड्डा बुजवायचा, वर लादी. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. वरची लादी बदलली, माणसं बदलली, जागा नाही. मनवाचं म्हणणं, तो खड्डा मधोमध उभा कापला तर आत गेलेल्या सगळ्या वर्षांचा डाग दिसेल, आणि तो मी फोनवरून तिच्या पोरांना दाखवायचा. म्हणजे शिकवायचा. मी!

"चौथी पास बाई इंग्रजांना शिकवणार?"

"तू मला नाही शिकवलंस?"

अशा वेळी पोरीला नाही म्हणणारी आजी अजून परळमध्ये जन्माला यायची आहे.

मेढीला हात लावायचा तर अप्पांना विचारणं भाग. अप्पा आमच्या मंडळाचे अध्यक्ष. दुसरं कुणी उभंच राहत नाही, म्हणून ते दर वर्षी बिनविरोध निवडून येतात आणि दर वर्षी भावुक होतात. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "दुर्गावहिनी, मेढ ही मंडळाची. ठराव घ्यावा लागेल."

ठरावाच्या सभेला पाणी यायच्या वेळेआधी जेवढी माणसं मोकळी होती तेवढी आली. समोरच्या खोलीतली कांता म्हणाली, खड्डा तिन्हीसांजेचा खणू नये. तळमजल्याचा जगदीश म्हणाला, जेसीबी मागवा, त्याच्या साडूचा आहे. कुणी म्हणालं, खाली पाण्याची जुनी लाइन आहे; कुणी म्हणालं, लाइन नाही, विहीर आहे; आणि एकाने विहिरीत गिरणीमालकाचं सोनं असल्याचं सांगून टाकलं. सोन्याचं नाव निघाल्यावर ठराव एकमताने पास झाला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि तीही चांगल्या वळणाची माणसं करतात तशीच झाली. जमिनीला कुदळ लावायची तर आधी तिची पूजा नको? शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून, कुदळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, उदबत्ती लावली आणि मेढीच्या जागेवर नारळ फोडला. झालं! आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन याआधी तीनदा झालंय. तीन वेळा तीन वेगवेगळे पुढारी, तीन वेगवेगळ्या कुदळी; वीट एकही हलली नाही. पटांगणात नारळ फुटल्याचा आवाज आला आणि तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांनी एकच अर्थ काढला.

"सुरू झालं गो, सुरू झालं!" कांता ओरडली आणि माळ्यावरची ट्रंक ओढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पेढे वाटले. जगदीशचा भाऊ, जो आईच्या तेराव्यालाही आला नव्हता, तो दुपारी टॅक्सीने हजर. नव्या फ्लॅटच्या चाव्या आजच देणारेत का, विचारायला. मी प्रत्येकाला समजावत होते की हे इमारतीचं नाही, सॅक्सनांचं आहे.

"सॅक्सन? कुठला बिल्डर?" जगदीश म्हणाला. "नवीन दिसतोय. आधीचा पळाला वाटतं."

संध्याकाळी कळस झाला. आमच्याकडे राकेश नावाचा एक तरुण कार्यकर्ता आहे. कुठल्या पक्षाचा ते त्या आठवड्यावर असतं. त्याने चाळीच्या दारावर बॅनर टांगला. वर त्याचा स्वतःचा भलामोठा हसरा फोटो, खाली कोपऱ्यात माझा, रेशनकार्डावरून काढलेला, तोंड अर्धं उघडं. मजकूर: "चाळीच्या विकासाला गती! दुर्गाआजींच्या शुभहस्ते भूमिपूजन संपन्न." साठीनंतर माणसाचा फोटो बॅनरवर येतो तो एका विशिष्ट प्रसंगी. खालून जाणारे दोघेतिघे तर हात जोडून पुढे गेले.

"मेल्या, खाली उतरव ते!"

"काकी, प्रिंट झालाय आता. आठवडाभर असू दे. तुमचं पण नाव होतंय ना."

नाव झालं ते असं झालं की सोमवारी सरकारी माणूस आला. कुठल्या ऑफिसातला ते लिहीत नाही. मला अजून त्याच ऑफिसात जायचंय. पटांगणात विनापरवाना खोदकाम अशी तक्रार होती. खोदकाम अजून झालंच नव्हतं, नारळ तेवढा फुटला होता, पण तक्रार आमच्या पुढे पळत होती.

"कशासाठी खोदताय, आजी?"

"सॅक्सनांची घरं कशी होती ते दाखवायला."

त्याने पेन काढलं. "हे सॅक्सन कोण? भाडेकरू की पोटभाडेकरू?"

"दीड हजार वर्षांपूर्वीचे आहेत."

"पुरावा आहे काय राहत असल्याचा? लाइट बिल वगैरे?"

"अहो, त्यांचा पुरावा म्हणजे खड्डा!"

"खड्डा पुराव्यात धरत नाहीत," तो सौम्यपणे म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याने मला समजावलं की त्यांच्याकडे खड्डे चार प्रकारचे: पाण्याचा, गॅसचा, केबलचा आणि मांडवाचा. शिकवण्याचा खड्डा हा प्रकार नाही. मांडवाच्या खड्ड्याची परवानगी मिळेल, पण त्यासाठी मांडव हवा, मांडवासाठी उत्सव हवा, आणि गणपती तर होऊन गेले.

इथे अप्पा पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही सुचलं असावं. चेहरा तसा उजळला होता. "माघी गणपती!" ते म्हणाले.

आता आमच्या चाळीने माघी गणपती कधीच केला नव्हता. पण मनवाच्या तासाची तारीख त्या आसपासचीच होती. तिला विचारून ती नेमकी त्या दिवशी आणवली. अशा रीतीने एक खड्डा खणायचा म्हणून चाळीत एक नवा देव बसवायचं ठरलं. देव आला म्हणजे मूर्ती आली, लालबागहून. भटजी आले, लाऊडस्पीकर आला, आणि कांता म्हणाली, "कल्पना तुझी ना दुर्गे? मग तिळाचे मोदक तूच करायचेस." मी मान डोलावली. मनात म्हटलं, मनू, तुझ्या त्या सॅक्सनांना एवढा मान त्यांच्या आईनेसुद्धा दिला नसेल.

खड्डा खणायला मांडववाल्यांचा शिवा आला. पहारीचे चार घाव घालून हातभर खड्डा करणारा माणूस. मी फोन लावून मनवाला वर धरलं. ती किंचाळली, "शिवादादा, थांबा! पहार नको! गवंड्याच्या थापीने, पातळ पातळ थर काढा. मग ब्रशने."

शिवाने पहार भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. शिकलेली आहे. सांगते तसं कर."

शिवा बसला थापी घेऊन. वरचे पेव्हर ब्लॉक निघाले. त्याखाली जुनी शहाबादी लादी, मी लग्न होऊन आले तेव्हाची. तिच्यावर माझ्या हातच्या रांगोळ्या किती झाल्या असतील. त्याखाली तांबूस मुरूम. आणि एका बाजूने सरळ भिंतीसारखं कापत नेलं, तसा तो दिसायला लागला. तांबड्या मुरुमात एक काळा पट्टा, वर रुंद, खाली निमुळता, गाजरासारखा सरळ उभा. वर्षानुवर्षांची पानं, राख, गुलाल, सगळं कुजून एक झालेलं.

कठड्यावरून बघणारे सगळे खाली उतरून आले. अप्पा गुडघ्यावर बसले आणि हात न लावता नुसतं बघत राहिले. "माझ्या आजोबांनी रोवलीय ही," म्हणाले. या वेळचा त्यांचा भावुकपणा खरा होता.

मी मात्र तो डाग बघून वर आले ती सरळ माझ्या खोलीत, आणि दार लोटून घेतलं. माझ्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीवर असाच एक गोल डाग आहे. तेलकट. मनवा तिथे डोकं टेकून अभ्यास करायची. केसांना रोज मीच तेल चोपडायची, तेव्हा डागात माझाही वाटा आहे. रंगारी आला होता तेव्हा त्याला म्हटलं, एवढी जागा सोड. तो म्हणाला, आजी, घाण दिसेल. म्हटलं, दिसू दे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या डागाकडे मास्तरणीच्या नजरेने बघितलं. उंची बघितली. इतकी इतकी पोरगी इथे बसायची, तोंड उजेडाकडे. सगळं कळत होतं. फक्त पोरगी नव्हती.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात ते शिरलं.

फळीवर वरच्या डब्यात तिची भातुकली आहे, पितळेची. त्यातली कढई तळहातावर मावेल एवढी. तिच्यात चुरमुऱ्यांचा भात शिजवून तिने अख्ख्या चाळीला जेवू घातलंय. जगदीश तर दुसऱ्यांदा मागायचा. मी ठरवलं, ही कढई खड्ड्यात ठेवायची, त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला. भर तासात ती मातीतून डोकं काढेल, मनवा बघेल, तिला आपलं सगळं आठवेल, रडू फुटेल, तास बोंबलेल, हेडबाई नाक मुरडेल, आणि पोरगी चैत्राच्या आत घरी. हेच मला हवं होतं. लबाडी होती, कबूल. पण कुणाच्या घरात घुसून तर करत नव्हते. माझीच कढई, माझीच नात, माझाच खड्डा.

माघी चतुर्थीला सकाळी पाणी आलं, सगळी चाळ नळावर गुंतली. मी मोदकांचं ताट नेतेय असं दाखवून खाली गेले, थापीने माती उकरली, कढई आत बसवली, वर माती दाबली, थोडी कड दिसेल इतपत. कुणी बघितलं नाही. देवाने बघितलं असेल, पण तो तर माझ्याच खड्ड्यामुळे आला होता.

दुपारी चहाच्या वेळेला तिकडची शाळा भरायची. राकेशचा फोन सगळ्यांत भारी, म्हणून धरायला तो. त्याने स्वतःच्या बॅनरसमोर उभं राहायचा प्रयत्न केला तो मी हाणून पाडला. परवानगी मांडवाची होती, पण मेढ खड्ड्यात घातली असती तर दाखवणार काय? म्हणून खांब पहिल्या मजल्याच्या कठड्याला बांधून हवेत लोंबकळत ठेवला होता. शेजारी गणपती, समया, मोदक. मी लग्नातली पैठणी नेसले होते. जरा कमरेला पुरत नव्हती, पण फोनमध्ये मागची बाजू दिसत नाही.

आणि फोनमध्ये वर्ग उघडला. एकसारखे निळे स्वेटर घातलेली गुलाबी पोरं, त्यात दोनतीन आपल्यासारखी सावळीही. मागे भिंतीला टेकून चष्मेवाली हेडबाई. आणि पुढे माझी मनवा, केस वर बांधलेले, कोट घातलेला. अशी मी तिला कधी बघितली नव्हती. दर रविवारी बोलायची ती माझी नात. ही कुणाची तरी बाई होती, पोरं तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर गप्प बसत होती. मला अभिमान वाटला आणि ती लांब गेल्यासारखीही वाटली, दोन्ही एकदम.

मी मराठीत सांगत गेले, ती इंग्रजीत करत गेली. हा मुरूम, ही लादी, हा डाग. एका पोराने विचारलं, हे झाड नव्हतं कशावरून? मी म्हटलं, "बाळा, झाड असतं तर मुळं इकडेतिकडे पसरली असती. हा बघ कसा सरळ खाली गेलाय. कुणीतरी ठरवून उभा केलाय." पोरांनी माना डोलावल्या. मला शिकवणं इतकं आवडायला लागलं की मी कढई साफ विसरले होते.

ती विसरली नव्हती. राकेशने फोन खाली नेला, ऊन तिरपं आत आलं, आणि काळ्या मातीत कढईची कड अशी झगझगली की वर्गातून एकच आरोळी उठली, "गोल्ड! गोल्ड!" गॅलरीतून आमच्याकडचेही ओरडले, "सोनं! सांगत होतो ना!" जगदीशचा भाऊ तर जिना उतरायलाच लागला.

मनवा स्क्रीनच्या अगदी जवळ आली. बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, "आजी. ही माझी कढई आहे."

"असेल. खेळताना हरवली असेल."

"हरवली नव्हती. तू ठेवलीस."

"मी कशाला ठेवू?"

"आजी, पितळ जमिनीत राहिलं की हिरवं होतं. जेवढी वर्षं जास्त तेवढं हिरवं. ही आरशासारखी चमकतेय. तू ही घासून पुरलीस."

अख्खी चाळ ऐकत होती. देव ऐकत होता. मी पदर सावरला. "चिंचेने," म्हटलं. "एवढ्या लोकांसमोर जायची होती. कळकट कशी पाठवू?"

चाळ अशी हसली की कठड्याला बांधलेली मेढ हलली. "अगो दुर्गे," कांता वरून ओरडली, "पुरायची वस्तू कुणी घासतं?"

"तू नाहीच घासणार! तुझी वापरायची भांडी तरी कुठे घासलेली असतात?"

हसली नाही ती मनवा. तिने पाठ वळवली, फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. खांदे तेवढे दिसत होते. मला वाटलं, आता झालं. रडू फुटलं, तास बोंबलला, मला हवं होतं ते सगळं ओळीने झालं. आणि त्या क्षणी मला वाटलं, जळो माझी अक्कल! गो मनू, वळ, बोल काहीतरी, ती चष्मेवाली बघतेय.

ती वळली. डोळे लाल, पण आवाज खणखणीत. पोरांना तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं. राकेशने आम्हाला सांगितलं, "ती विचारतेय, ही वस्तू मातीएवढी जुनी नाही हे कसं ओळखाल?" पोरांचे हात भराभर वर. एक म्हणाला, चमकते म्हणून. एक म्हणाला, भोवतालची माती भुसभुशीत आहे, बाकीची घट्ट आहे. एकाने तर डागाची कड तिथे मोडलीय हेही दाखवलं. मग पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची एक चिमुरडी उभी राहून काहीतरी हळूच बोलली. मनवाने त्याचं मराठी केलं नाही. ओठ घट्ट मिटून तिच्या डोक्यावरून हात फिरवला फक्त.

राकेशने मात्र केलं, आणि तेही सभेत बोलतात तशा आवाजात. "ती पोरगी विचारतेय, त्या आजींनी ते तुम्ही घरी यावं म्हणून ठेवलं का?"

कांता आत निघून गेली. ती रडायला आत जाते, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी आरतीच्या आधी मनवाचा फोन आला. "आजी, पक्की झाले."

हेडबाईंचं म्हणणं, खरी वस्तू ओळखायला कुणीही शिकवेल. खोटी कशी ओळखायची ते पोरं आज शिकली. म्हणजे जी कढई तिला परत आणायला मी पुरली, तिनेच तिला तिथे रोवलं! मी देवाकडे बघितलं. तो मोदकांकडे बघत होता.

"छान झालं," मी म्हटलं. "जेवलीस का?"

"आजी, चिडलीस?"

"चिडायला काय झालं? आरतीची घाई आहे."

घाई नव्हती. अप्पांना तबक सापडत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ होता. ती बोलत राहिली. खड्डा बुजवताना तळाला या सालचं एक नाणं टाक म्हणाली. जुनं खणणाऱ्यांत तशी पद्धत आहे, पुढे कुणी खणलं तर कळावं की इथे आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलं. मग म्हणाली, "भाद्रपदात येते. नक्की."

"हो, दर वर्षी येतेस ना, तशी ये."

बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं. म्हणून विचारलं, "मनू, पितळ हिरवं व्हायला किती दिवस लागतात गं?"

"तुझ्या घरात?" ती हसली. आधी आवाज आला, मग खळी. "तुझ्या घरात जन्मात होणार नाही."

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि शिवाने खड्डा बुजवला. नाणं अप्पांनी टाकलं, ठराव न घेता. पेव्हर ब्लॉक बसवले, तरी वरून गॅलरीतून बघितलं की तेवढा तुकडा वेगळा दिसतो. मनवा म्हणते, एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, हजार वर्षं गेली तरी शिकलेल्या नजरेला कळतं. बॅनर अजून तिथेच आहे. माझा चेहरा उन्हाने उडत चाललाय, राकेशचा नाही, त्याने महागातली शाई वापरली असणार. सरकारी माणूस परवा येऊन गेला. मांडव काढल्याचा पुरावा हवाय म्हणे.

खड्डा बुजवण्याआधी काढून घेतलेली कढई फळीवर आहे. माझ्या चकचकीत डब्यांच्या रांगेत, मातीसकट. आधी तपकिरी झाली, मग काळवंडली. येईल त्याची नजर आधी तिच्यावरच जाते. कांता तर दाराशी उभी राहून म्हणाली, "अगो, तुझ्या घरात काळं पितळ? बरं नाही काय वाटत?" मी म्हटलं, तू तुझं बघ.

काल फळी पुसताना कढई उजेडात धरली. कानाच्या खाचेत मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. आमटीसाठी चिंच भिजत घातलेली होती, ओट्यावर, हाताशी. मी कढई परत जागेवर ठेवली आणि आमटी फोडणीला टाकली.